सतरावाले काका

मृग लागला की कुणाचे गुडघे धरतात, कुणाला कांदाभजी आठवतात. आमच्या सोसायटीतल्या काकांना हायकू होतात.

असे एक काका डोंबिवलीतल्या प्रत्येक सोसायटीत सापडतील. बँकेतून सुखरूप निवृत्त, लेक बंगळुरूला, दुपारची झोप ठरलेली. आयुष्यभर खतावण्या जुळवलेल्या माणसाला या जपानी कवितेच्या तीन ओळींचा पाच-सात-पाच अक्षरांचा हिशेब पाहताक्षणी घरचा वाटला. बेरीज सतराच यायला हवी. नाही आली तर फरक सापडेपर्यंत दिवा मालवायचा नाही, ही बँकेतली शिस्त त्यांनी कवितेलाही लावली आहे.

मोजणी पेरांवर चालते. उजव्या हाताच्या चार बोटांची पेरं बारा. अंगठा करंगळीपासून निघतो आणि पाच अधिक सात संपले की तर्जनीच्या टोकाला पोचतो. तिसऱ्या ओळीची पाच अक्षरं डाव्या हातावर. घरात हे छान जमतं. भर पावसात मात्र डाव्या हातात छत्री असते, त्यामुळे काकांचे रस्त्यावर सुचलेले सगळे हायकू दोन ओळींवर अडतात. अशा वेळी ते समोरून येणाऱ्याला थांबवून, ‘‘जरा धरता का?’’ म्हणत छत्री त्याच्या हाती देतात. लोकांना वाटतं, बिचाऱ्यांना चप्पल ठीक करायची असेल. काका डोळे मिटून उरलेली पेरं मोजतात आणि तो माणूस आपली पिशवी भिजवत उभा राहतो.

मराठीत हायकू रुजवला शिरीष पैंनी. त्यांनी तीन ओळी ठेवल्या, पण सतराचा हट्ट धरला नाही. हे काकांच्या मनाला लागलेलं आहे. मात्र आचार्य अत्र्यांच्या लेकीला बोलणार कोण? मग राग निघतो तो चौथ्या मजल्यावरच्या जपानी शिकणाऱ्या मुलीवर. तिने एकदा सांगितलं, ‘‘काका, त्यांची मोजदाद वेगळी. टोक्यो म्हणजे आपली दोन अक्षरं, त्यांच्याकडे ती चार भरतात.’’ काका म्हणाले, ‘‘मग त्यांचं चुकतंय.’’

हायकूत ऋतूची खूण लागते. त्यासाठी जपान्यांनी ऋतुशब्दांचे जाडजूड कोश केलेत. आषाढातली झड वेगळी, थंडीच्या तोंडावरची भुरभुर वेगळी, प्रत्येकीला नाव. काकांचा कोश म्हणजे पंचांग. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, शिवाय प्रत्येक नक्षत्राला वाहन. वाहन बेडूक निघालं की काकांची कळी खुलते. जपानी हायकूकार बाशोने बेडकावर लिहिलं, आता आपली पाळी. फरक इतकाच की बाशो १६८९ साली पायी निघून महिनोन्‌महिने उत्तर जपान तुडवत होता आणि काका गॅलरीचं सरकतं दारही उघडत नाहीत, शिंतोडे येतात म्हणून.

त्यांच्या वहीत अडलेला एक हायकू आहे. विषय २६ जुलै २००५चा मुंबईतला पाऊस. पहिली ओळ ‘सांताक्रूझला’, बरोबर पाच. तिसरी ‘मिलिमीटर’, तीही पाच. मधली ‘नऊशे चव्वेचाळीस’. भरतात आठ. त्या दिवशी एक मिलिमीटर कमी पडला असता तर ‘नऊशे त्रेचाळीस’ सातात चपखल बसलं असतं, हे शल्य काकांना अजून आहे. कुलाब्याला जाऊन पाहिलं, तर तिथे त्या दिवशी पाऊसच जेमतेम त्र्याहत्तर मिलिमीटर. त्यात कसली आलीय कविता!

खरं तर त्या रात्री काका स्वतः कुर्ल्याजवळ लोकलमध्ये अडकले होते. पहाटे छातीभर पाण्यातून अनोळखी माणसांची साखळी धरून बाहेर आले. डोक्यावर डबा, डब्यात बँकेच्या किल्ल्या. पुढच्या माणसाचा हात इतका घट्ट होता की मनगटावर वळ उठले होते. हे ते चहा पिताना सहज सांगून टाकतात. त्यावर लिहा म्हटलं, तर म्हणतात, ‘‘छे, ते सतरात कुठलं मावतंय!’’

मावतं की नाही, ते काकूंना विचारावं. गेल्या आठवड्यात आभाळ भरून आलं, काका वही घेऊन दोन ओळींवर अडले: ‘ढग दाटले / गॅलरीतून हाक’. पुढचं सुचेना. तेवढ्यात काकूंनी खरंच गॅलरीतून हाक मारली, ‘‘कपडे काढा!’’

काकांनी डाव्या हाताची पेरं मोजली. पाच. मग हर्षभराने ओळ वहीत उतरवली, खाली तारीख आणि स्वतःची सही केली. दोरीवरचे कपडे तोवर ओलेचिंब. काकूंचं नाव श्रेयात नाही, पण सोसायटीचं एकमत आहे की काकांच्या वहीत कविता ही एकच.

संग्रह दिवाळीच्या आत छापायचा आहे. खर्च काकांचा, प्रती फुकट. घ्यायला अवश्य या, चहा मिळेल. फक्त अभिप्राय जागच्या जागी द्यावा लागतो, तोही तीन ओळींत, आणि काका तो तुमच्यासमोर मोजतात.