महिना एक रुपया दंड

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. रुपयाला तेव्हा वजन होतं. तो वाचावा म्हणून कितीतरी पोरांच्या हातातली गुरांमागची काठी सुटून तिथे पाटी आली असेल. मला अधूनमधून वाटतं, तो दंड बंद झालाच नाही, नुसता उलटा फिरला. आता मुलाला सरकारी शाळेत न पाठवण्यासाठी आपण दंड भरतो. तोही हौसेने, तीन हप्त्यांत, वर बसचे वेगळे.

कायद्यालाही या गमतीचं वावडं नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यानुसार खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांसाठी. सोडत निघते, नाव लागलं की पेढे वाटले जातात, फीची भरपाई सरकारने करायची. म्हणजे आपल्या शाळेचं दार सताड उघडं ठेवून सरकारच शेजारच्या दाराची सोडत काढतं. पेढा तोंडात असताना हे कुणाला सुचत नाही.

पुतण्याची मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार, त्यामुळे उन्हाळाभर आमच्या अंगणात हाच विषय. मृगाचं वाहन यंदा बेडूक की कोल्हा, हे पाहायला पंचांग उघडून बसावं तशी सगळी मंडळी तिचं भवितव्य पुढ्यात घेऊन बसायची. ती मात्र शेजारच्या पोराचा जुना टाय गळ्यात अडकवून हिंडायची. इलॅस्टिकचा टाय, वर्षभर ताणून इतका सैल झालेला, की गाठ थेट बेंबीपाशी लोंबायची.

गावची जिल्हा परिषदेची शाळा तशी देखणी. भिंतीवर आगगाडीचे डबे रंगवलेत, त्यामुळे वर्गाच्या दारात उभं राहिलेलं पोर कायम प्रवासाला निघालेलं दिसतं. शिक्षक दोन, इयत्ता चार. गुरुजी तिसरीला वजाबाकी देऊन दुसरीकडे वळले, की चौथीतली एखादी मुलगी पहिलीच्या चिमुरड्यांकडून अक्षरं गिरवून घेते. आणि त्यांना ओरडताना हुबेहूब गुरुजींसारखी भुवई उचलते. शिकवण्याची ही रीत कुठल्या चकचकीत माहितीपत्रकात मी पाहिलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या अशाच शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा आमच्या अंगणात तोंड भरून कौतुक झालं. पण ते कौतुक शाळेच्या फाटकापर्यंत काही चालत गेलं नाही.

खरी अडचण शाळेची नसतेच. आळीतली सगळी पोरं पिवळ्या बसने गेली आणि आपलीच तेवढी मागे राहिली तर, ही धास्ती असते. आणि ती मुलीपेक्षा बापाला जास्त असते. मला तिची थट्टा करवत नाही. इंग्रजीत अर्ज लिहिताना ज्याला दरदरून घाम फुटला, तो लेकीला तसा फुटू नये म्हणून आगाऊ पैसे मोजतो.

मेच्या भर उन्हात गुरुजी पट भरायला दारोदार फिरत आमच्याकडे आले. पट घसरला की शिक्षकाचं पद धोक्यात. पाणी प्यायले, मुलीला जवळ घेऊन अंक म्हणून घेतले, टायचंही कौतुक केलं. पुतण्याने हळूच सुचवलं, नाव दोन्हीकडे घालू.

“आधार आल्यापासून ते जमत नाही हो,” गुरुजी मनापासून हळहळले.

मग सूनबाईने चाचरत विचारलं, “गुरुजी, तुमचा धाकटा कुठे जातो?”

गुरुजींनी तांब्यात पाहिलं. “पिवळ्या गाडीने.”

कुणीच हसलं नाही.

“मग इंग्रजी चांगलं असेल त्याचं?”

“बरं आहे. रोज संध्याकाळी मीच घेतो ना.”

सूनबाई सावरून बसली. “मग आमच्या हिलाही घ्याल का? फी काय ती सांगा.”

“शिकवणी घ्यायला आम्हाला बंदी आहे, ताई,” गुरुजी म्हणाले. “शाळेत आली तर फुकट शिकवेन.”