हात दाखवून अवलक्षण

आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये एक अलिखित नियम होता. बरं खेळणाऱ्या मोठ्या मुलाला लहानांच्या सामन्यात घ्यायचं झालं, तर त्याने डाव्या हाताने खेळायचं. मला ही अट कधीच कुणी घातली नाही, यावरून माझ्या खेळाची कल्पना यावी. घरात तर आजीने डाव्या हाताशी उभा दावा मांडलेला. तीर्थासाठी चुकून डावा हात पुढे झाला की ती पळी तशीच अधांतरी धरून ठेवायची. उजवा येईपर्यंत थेंब पडायचा नाही. त्यामुळे दोन्ही हातांना सारख्याच मानाने वागवणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो महाभारतात, सव्यसाची अर्जुन. दुसरा भेटला तो थेट अमेरिकेत, बेसबॉलच्या मैदानावर.

बेसबॉल मला जेमतेम कळतो, पण त्यातलं डाव्या-उजव्याचं राजकारण चांगलं कळतं. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर पळतो. डावखुऱ्याला मात्र तोच चेंडू हातातून सुटताना स्वच्छ दिसतो आणि शिवाय वळून त्याच्याच बाजूला येतो. म्हणून डावखुरा फलंदाज आला की मॅनेजर उठायचा, चांगल्या चाललेल्या पिचरला बाजूला करायचा आणि या एका गृहस्थासाठी राखून ठेवलेला डावरा पिचर आणायचा. तो चार-पाच चेंडू टाकून पुन्हा जाऊन बसायचा. लग्नात मंगलाष्टकाच्या एकाच कडव्यापुरते उठणारे काका असतात ना, तसा.

नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा गावच्या पॅट व्हेंडेटीला असं उठवायची गरज नव्हती. समोर डावखुरा आला की तो डाव्या हाताने टाकायचा, उजवा आला की उजव्या. हे खूळ मूळचं वडिलांचं. मुलगा जन्माने उजवा. पण तो तीन वर्षांचा असल्यापासून बापाने अंगणात त्याच्याकडून दोन्ही हातांनी चेंडू फेकून घ्यायला सुरुवात केली. शिवाय दोन्ही पायांनी फुटबॉल मारायला लावला, कारण फेक ही हाताची दिसली तरी ती कंबरेतून आणि पायांतून येते. पुढे उजव्या हाताची फेक खांद्यावरून आली आणि डाव्याची आडवी, बाजूने. म्हणजे एकाच देहात दोन वेगळे पिचर नांदत होते. दोघांत मिळून हातमोजा एकच, सहा बोटांचा, दोन्ही टोकांना अंगठा असलेला. कुठल्याही हातात घाला. दोन भावांत एकच छत्री असावी, तशी ही सोय.

मग १९ जून २००८ उजाडला. न्यूयॉर्कमधल्याच स्टेटन आयलंड आणि ब्रुकलिन यांच्या कनिष्ठ संघांचा सामना. शेवटची इनिंग, दोन बाद. व्हेंडेटीसमोर आला राल्फ हेन्रिकेझ, आणि हे महाशय फलंदाजी दोन्ही बाजूंनी करणारे! पिचर उजवा म्हणून तो डावीकडे उभा राहिला. व्हेंडेटीने मोजा बदलला. हेन्रिकेझ प्लेट ओलांडून उजवीकडे गेला. मोजा पुन्हा फिरला. हेन्रिकेझ पुन्हा डावीकडे. चेंडू एकही पडलेला नाही आणि काही मिनिटं हेच. अरुंद बोळात समोरासमोर आलेले दोन सज्जन एकमेकांना वाट देण्यासाठी एकाच बाजूला सरकत राहतात; फरक इतकाच, की इथे सौजन्य कुणाच्याच मनात नव्हतं.

अखेर पंचांनी आपसांत खल करून फलंदाजाला सांगितलं, आधी तू ठरव. तो उजवीकडे उभा राहिला, व्हेंडेटीने उजव्याने टाकले आणि त्याला चार चेंडूंत बाद केलं. हेन्रिकेझने बॅट आपटली. मला त्याचंच वाईट वाटतं. दोन्ही हातांचा तोही होता, पण सव्यसाची म्हणून नाव झालं ते दुसऱ्याचं.

पुढे नियम झाला तो नेमका उलटा. कोणत्या हाताने टाकणार हे पिचरने आधी मोजा घालून दाखवायचं आणि तो फलंदाज असेपर्यंत, दुखापत झाली नाही तर, हात बदलायचा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गंमत म्हणजे हेन्रिकेझच्या त्या सामन्याच्याच आठवड्यात इंग्लंडमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर, केव्हिन पीटरसनने उजव्याचा डावा होऊन न्यूझीलंडच्या स्टायरिसला दोन षटकार मारले होते, आणि एमसीसीने दोनच दिवसांत तो फटका वैध ठरवला. फलंदाजाने कुणाला काही सांगायची गरज नाही. गोलंदाजाचं मात्र तसं नाही. आपल्या विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. २०१७ मध्ये चेन्नईच्या सराव सामन्यात ऑस्ट्रेलियनांनीही ते पाहिलं. त्याला एका षटकात हवा तेव्हा हात बदलता येतो, पण दर वेळी पंचांना सांगून, आणि पंच लगेच फलंदाजाला सांगणार. फितुरीचं इतकं सरळ कलम दुसऱ्या कुठल्या कायद्यात नसेल.

व्हेंडेटी मोठ्या लीगमध्ये पोचला तो ५ जून २०१५ रोजी, ओकलंडकडून, बोस्टनच्या फेनवे पार्कवर. तिशीला तीन-साडेतीन आठवडे उरले होते. एका फलंदाजाला डाव्याने बाद केलं, पुढच्यासाठी मोजा बदलला. त्यानंतर टोरांटो, सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, मायामी. दोन हात आणि एक मोजा घेऊन माणूस गावोगाव फिरला. फार मोठं नाव झालं नाही. दोन्ही हातांनी टाकता येणं वेगळं आणि दोन्हींनी मोठ्या लीगच्या फलंदाजांना वर्षानुवर्षं गुंडाळणं वेगळं.

२०२० मध्ये मोठ्या लीगने नवा नियम केला: मैदानात आणलेल्या पिचरने निदान तीन फलंदाजांना तरी तोंड द्यायचं, किंवा इनिंगचा तो भाग संपवायचा. एका कडव्याचे काका त्या दिवशी संपले. आता डावे-उजवे दोघेही सांभाळणारा एकच माणूस हवा होता, आणि व्हेंडेटीचं मोठ्या लीगमधलं ते शेवटचं वर्ष.