मोतीची बदली

आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांची नावं रॉकी, ब्रूनो, सिम्बा आणि कोको अशी आहेत. मालक सगळे श्रावणात सत्यनारायण घालणारे. भिंतीपलीकडे चर्च आहे आणि तिथल्या फादरच्या कुत्र्याचं नाव मोती. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. फादर मूळचे वसईचे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच मातीतले. आमचे हे फादरही मराठी असं बोलतात की त्यांच्यासमोर आमच्या सेक्रेटरींचा 'पार्किंगचा इश्यू' आपोआप 'वाहनतळाचा प्रश्न' होतो.

मोती कुठून आला हे कुणालाच ठाऊक नाही. एका पावसाळी रविवारी मिस्सा चालू असताना तो निथळत आत आला, शेवटच्या बाकाखाली शिरला आणि प्रवचन संपेपर्यंत हलला नाही. चर्चची व्यवस्था पाहणारा सॅक्रिस्टन झाडू घेऊन धावला, तेव्हा फादर म्हणाले, "राहू दे रे. प्रवचन पुरतं ऐकणारा पहिल्यांदाच आलाय." मोतीच्या कानाला महापालिकेच्या नसबंदीची खाच होती. म्हणजे ब्रह्मचर्याच्या बाबतीत दोघं समान. फादरांनी व्रत स्वखुशीनं घेतलं होतं, मोतीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

पाद्री आणि कुत्रा ही जोडी काही आजची नाही. इटलीत डॉन बॉस्कोंवर रात्री-बेरात्री गुंड चाल करून यायचे, तेव्हा ग्रिजो नावाचा एक करडा कुत्रा कुठूनसा उगवायचा, गुंडांना पळवायचा आणि फादरांना घरी पोचवून नाहीसा व्हायचा. हे खुद्द डॉन बॉस्कोंनी आठवणींत लिहून ठेवलंय. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संत रोक स्वतः आजारी पडून रानात पडले, तर एक कुत्रा त्यांना रोज पाव आणून द्यायचा, अशी कथा आहे. १८९६ च्या प्लेगात मुंबईच्या गावठाणांतून लोकांनी जागोजागी क्रॉस उभारले, ते अजून वाटेत भेटतात. मोती त्या क्रॉसपाशी कधी पाय वर करत नाही. शेजारच्या विजेच्या डब्यावर करतो. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी तर दर गुरुवारी त्याला बिस्किट घालून हात जोडतात. दत्ताच्या पायाशी चार असतात, त्यांतलाच हा एक, असं त्यांचं ठाम मत. फादरांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाकीचे तिघे पाठवू नका म्हणजे झालं."

पंचाईत झाली लेंटमध्ये. ईस्टरआधीच्या त्या उपासाच्या दिवसांत मोतीनं शुक्रवारी मटण खावं का, हा प्रश्न पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात आला. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या एका अंकलनी नियम काढला: मांस वर्ज्य चौदा वर्षांपुढच्यांना, उपास अठरा ते साठच्या दरम्यानच्यांना. मोती सात वर्षांचा, सबब मोकळा. तेवढ्यात एका शिक्षिकेनं हिशेब मांडला, कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, म्हणून मोती एकोणपन्नासचा, सबब दोन्ही लागू. मतं सारखी पडली. फादरांनी निकाल दिला, "मटण नाही, बोंबील चालतील." काटा अडकला तर आंबोलीच्या चर्चचे संत, सेंट ब्लेझ, आहेतच. घशाच्या दुखण्यांचं खातं त्यांच्याकडे असतं आणि ३ फेब्रुवारीला दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याशी धरून त्यांच्या नावानं आशीर्वाद देतात.

कन्फेशनचं प्रकरण याहून नाजूक. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरांच्या तोंडून कधीही बाहेर पडायचं नाही, हा धर्माचा कडक कायदा. मोतीही त्या लाकडी खोक्याला टेकून सगळं ऐकायचा आणि कुणाला काही सांगायचा नाही. पण बाहेर पडणाऱ्यांपैकी काहींना शेपूट हलवायचा आणि काहींवर गुरगुरायचा. रांगेतले लोक ते बारकाईनं बघायचे. एक प्रतिष्ठित बिल्डर बाहेर आले, तेव्हा तो चांगला पाच मिनिटं भुंकला. पुढच्या शनिवारी रांग निम्मी झाली. तेव्हापासून मोतीला शनिवारी संध्याकाळी फणसाला बांधू लागले.

फादरांचा दिवस बघितला की वाटतं, संन्याशाला संसार किती असतो! सकाळची मिस्सा, मग अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जायचं, मग कुणाचं लग्न, कुणाची मयत, हॉलचं बुकिंग, गळकं छप्पर. त्यात आवारातल्या शाळेचे मॅनेजरही तेच. त्यामुळे दिवाळी सरली की आमच्या सोसायटीत सर्वधर्मसमभावाची लाट येते. ज्यांनी वर्षभर चर्चकडे पाहिलेलं नसतं, ते नातवाला घेऊन 'सहज' फादरांना भेटायला जातात. मीही नातवाला घेऊन सहज गेलो होतो. फादर प्रत्येकाचा अर्ज हातात घेतात आणि न उघडताच म्हणतात, "प्रवेशप्रक्रिया जानेवारीत सुरू होईल." सोसायटीकडून आलेल्या कागदात दुसरं काही असू शकतं, यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. दिवसभरात शंभर माणसं त्यांना फादर म्हणतात, पण रात्री कुकनं टेबलावर झाकून ठेवलेलं पान उघडताना समोर असतो तो एकटा मोती. त्याचं फादरांकडे काम नसतं, असं मी म्हणणार होतो, पण बोंबील असतात.

चर्चची घंटा दुपारी बाराला वाजली की मोती तोंड वर करून सूर लावायचा. 'श्वानाच्या भेसूर आवाजामुळे रहिवाशांना होणारा त्रास' या विषयावर आमच्या सेक्रेटरींनी फादरांना पाठवलेल्या पत्रांची एक वेगळी फाइलच आहे. फादरांकडून प्रत्येक पत्राला जानेवारीचं तेच उत्तर आलं. ते वर दिलेलंच आहे.

मग बदलीचं पत्र आलं. फादरांची दर काही वर्षांनी बदली होतेच; या भागात तर अख्ख्या चर्चचीही झालेली आहे. १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च साथीपायी १८४० च्या सुमारास ओस पडलं आणि वस्तीसह मरोळला आलं. जुन्या भिंती आता सीप्झच्या कुंपणाच्या आत, निर्यातीच्या कारखान्यांच्या शेजाराला उभ्या आहेत. पण त्या वेळी बरोबर कुत्रं न्यायचं की नाही, याबद्दल कागदपत्रांत काही नाही. फादरांचं सामान दोन बॅगा आणि पुस्तकांची तीन खोकी. प्रश्न मोतीचा. विमावाले अंकल म्हणाले, मोती ही पॅरिशची जंगम मालमत्ता आहे. ठरावीक किमतीवरची मालमत्ता वरच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. शिक्षिकेनं विचारलं, मग त्याची किंमत सांगा. यावर बैठक सव्वा तास चालली आणि किंमत ठरली नाही. तेवढ्या वेळात मोती खाली जाऊन टेम्पोत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसला होता. फादरांनाच मागं खोक्यांवर बसावं लागलं. दोघं मुलुंडला गेले.

आता दुपारी नुसती घंटा वाजते. पहिल्या आठवड्यात सोसायटीत दोन सायकली आणि पाण्याचा एक पंप चोरीला गेला. दुसऱ्या आठवड्यात रॉकी, ब्रूनो, सिम्बा आणि कोको चोराच्या मागं शेपूट हलवत फाटकापर्यंत गेल्याचं सीसीटीव्हीत दिसलं. तातडीची सभा झाली. सेक्रेटरींनी स्वतः अर्ज लिहिला: 'विषय: चर्चच्या आवारात पूर्ववत मोठ्या आवाजाचे श्वान ठेवणेबाबत.' खाली चौसष्ट सह्या. पाच जणांचं शिष्टमंडळ नव्या फादरांकडे गेलं. जुन्या फादरांनी जाताना त्यांना शेजाराची कल्पना दिली असावी. त्यांनी हसून सगळ्यांना खुर्च्या दिल्या, अर्ज हातात घेतला, सह्यांवरून एक नजर फिरवली आणि म्हणाले,

"एवढी मुलं? हरकत नाही. प्रवेशप्रक्रिया जानेवारीत सुरू होईल."