नैसर्गिक दिसण्याचे कष्ट

भाचीने मला मेकअपची बाराखडी शिकवायला घेतली. “मावशी, मेकअप केलाय हे कळताच कामा नये,” हा पहिला धडा. मग करायचा कशाला, असं विचारणारीला दुसरा धडा मिळत नाही, म्हणून गप्प बसले.

आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, मग प्रायमर, मग फाउंडेशन. आमचा रंगारीही भिंतीला पुट्टी, प्रायमर, रंग असंच करतो. फक्त तो मजुरी आधी ठरवतो.

खरी गंमत फाउंडेशनची. दुकानातली मुलगी ते मनगटावर लावून दाखवते, तेही पिवळ्या दिव्याखाली. आणि फासायचं तोंडाला! छटा बघायची ती जबड्याच्या कडेला, दारात येऊन, दिवसाउजेडी. मानेच्या रंगात विरली तर ती आपली. पण आपला हात आपसूक एक छटा उजळ बाटलीकडे जातो. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. हाताला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. परिणाम लग्नाच्या अल्बमात पाहावा: चेहरा स्टुडिओतला, मान माहेरची.

काजळ मला येत होतं. तेवढंच ‘चुकीचं’ निघालं.

पाऊण तास खपून भाचीने मला ‘काहीच न लावलेली’ केली. लग्नाच्या हॉलच्या दारातच नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, दमलात का? जरा पावडर तरी लावायची!”

फोटोत मात्र मान आणि चेहरा एकाच बाईचे आले आहेत.