सुटे राहू द्या

मित्रांच्या सहलीत खजिनदार कोणी व्हावं यावर आमच्यात कधी मतदान झालेलं नाही. मी बँकेत होतो, एवढं कारण पुरलं. दंतवैद्याला सहलीत कोणी दात उपटायला लावत नाही, हार्डवेअरवाल्याकडे कोणी खिळे मागत नाही, पण बँकवाला दिसला की लोक त्याच्या हातात वही कोंबतात. त्यात माझी ख्याती आधीच पसरलेली. दिवसअखेर कॅश सतरा रुपयांनी जास्त भरली म्हणून मी अख्ख्या शाखेला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवलं होतं. जास्त भरली म्हणून! कमी भरली असती तर साहेबांनी खिशातून टाकून आम्हाला सोडलं असतं, असं शिपाई म्हणायचा. त्या बिचाऱ्याचा माझ्याबद्दल फारच चांगला ग्रह होता.

तर मनाली ते लेह. आम्ही चौघे शाळासोबती, सगळे साठीच्या अल्याड-पल्याड. एक दंतवैद्य, त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, पण दुखणं गळ्याच्या खाली असेल तर सांगत नाही. एक हार्डवेअरचा शेठ, एक भूगोलाचा मास्तर, आणि मी. रस्ता सव्वाचारशे किलोमीटरचा, मधे एक मुक्काम. हा मुक्काम कुठे करायचा यावर ज्याने त्याने एकच सल्ला दिला होता: जिस्पाला करा. जिस्पा साधारण ३२०० मीटरवर आहे, नदीकाठी आहे, झोप लागते. पुढे सरचू आहे ते ४३०० मीटरवर. पण सरचूचा तंबू माणशी चारशे रुपयांनी स्वस्त मिळत होता. चार चोक सोळाशे.

"उंचीचं काय?" डॉक्टरने विचारलं.

"तू दातांचा," मी म्हणालो, आणि सरचूला आगाऊ रक्कम पाठवून मोकळा झालो.

मनालीहून पहाटे सहाला निघालो. पाऊस भुरभुरत होता, देवदारांच्या शेंड्यांत ढग अडकलेले. मग अटल बोगदा आला. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि त्याने रोहतांगचा घाट वळसा घालून चढण्याचे ४६ किलोमीटर वाचवले. मला त्याहून मोठा आनंद म्हणजे रोहतांगच्या परमिटचे पैसे वाचले. तसं मी वहीत 'बचत' असा रकाना पाडून लिहिलंसुद्धा. लिहून मान वर केली तर बोगदा संपला होता आणि पाऊसही. पलीकडे कोरडं ठणठणीत लाहौल, भुरे उघडे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी हिरव्या शेतांचे चौकोन. पीर पंजालने मॉन्सून पलीकडेच अडवून धरलेला. "महाबळेश्वर आणि वाई," मास्तर म्हणाला. "तेच प्रकरण, फक्त भिंत मोठी." हे वाक्य पुढच्या दोन दिवसांत त्याने इतक्यांदा ऐकवलं की ड्रायव्हरलाही वाईचं पर्जन्यमान पाठ झालं असावं. ड्रायव्हर लाहौलचाच होता. कमी बोलायचा, आणि बोलायचा ते वेळेबद्दलच.

तांदीला चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम आहे. दोघी बारालाचा खिंडीच्या आसपासच उगम पावतात, तिथून वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि इथे येऊन एकमेकींना भेटतात. पुढे त्या एकत्र प्रवाहालाच चिनाब म्हणतात. "म्हणजे चंद्रभागा!" असं म्हणून शेठ गाडीतून उतरला, हात जोडले, पंढरीचं नाव घेतलं आणि तीर्थ भरून घ्यायला बाटली मागितली. मी त्याला रिकामी बाटली दिली. भरलेलं पाणी ओतून देण्याइतकी माझी भक्ती नाही. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा आणि ती वेगळी, हे मास्तरने समजावलं. शेठने बाटली तरी भरलीच. तांदीलाच तो प्रसिद्ध पेट्रोलपंप आहे, जिथल्या फलकावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं लिहिलेलं होतं. टाकी काठोकाठ भरली. तिथला आकडा वहीत लिहिताना माझा हात थोडा कापला, तो उंचीमुळे नव्हे.

केलाँगला नाश्ता केला आणि तिथे माझ्या हातून या सहलीचं बरंचसं नशीब ठरून गेलं. बिलात आलू पराठे नऊ लावले होते आणि माझ्या मोजणीत आठ झाले होते. ड्रायव्हर सांगत होता, "साब, नाले का पानी बारह के बाद बढ़ता है." पण नवव्या पराठ्याचा प्रश्न तत्त्वाचा होता. ताटं मोजली, साक्षी काढल्या, शेठची उलटतपासणी घेतली. पाऊण तासाने डॉक्टर कबूल झाला की त्याने एक कागदात गुंडाळून खिशात ठेवला होता, रात्रीसाठी. पराठा चाळीस रुपयांचा.

झिंगझिंगबारच्या अलीकडचा नाला सकाळी घोट्याएवढा असतो. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळायला लागतो आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार होते. म्हणून या रस्त्यावरची शहाणी माणसं नाले सकाळीच ओलांडतात. आम्ही पोचलो तेव्हा पाणी रस्त्यावरून राखाडी रंगाचं, दगड गडगडवत चाललं होतं. गाडी मध्यावर जाऊन अडकली. दार उघडल्यावर पाणी बूट न विचारता आत आलं. आम्ही तिघे ढकलायला उतरलो आणि डॉक्टर स्टिअरिंगवर बसला, कारण ड्रायव्हरच्या मते चौघांत त्याचीच ताकद कमी होती. पहिल्या मिनिटात पाय दुखतात, दुसऱ्या मिनिटात जळतात, तिसऱ्यात ते आपले राहत नाहीत. शेठची डाव्या पायाची सँडल सुटली आणि चंद्रभागेकडे निघून गेली. मी तिच्यामागे दोन पावलं धावलो. सँडल शेठची होती, पण चांगली होती.

रस्त्याचं काम करणारी पोरं आली तेव्हा सुटका झाली. काळवंडलेले चेहरे, डोळ्यांना गॉगल, डोक्याला गुंडाळलेली फडकी. झारखंडची, दुमक्याची. दरवर्षी उन्हाळ्यात शेकडो मैलांवरून येऊन हा रस्ता हीच माणसं उभा ठेवतात. दोर बांधला, एकसुरात आरोळी दिली आणि गाडी काठावर. मी ओल्या खिशातून पाकीट काढलं, मनातल्या मनात आकडा ठरवला, मग तो थोडा कमी केला. त्यांनी पैसे घेतलेच नाहीत. वरून आम्हालाच चहा पाजला. वहीत त्या ओळीपुढे काय लिहावं ते सुचेना, तेव्हा तारीख लिहून रकाना कोरा सोडला.

बारालाचा खिंड ४८९० मीटर. सूरजतालचं तळं डाव्या हाताला होतं की उजव्या, हे मला आठवत नाही, कारण मी तेव्हा ओले मोजे खिडकीच्या काचेत अडकवून वाळवत होतो. ऐन खिंडीत मागून फाट् असा आवाज झाला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "टायर गया." आम्ही चौघे उतरलो आणि चारी चाकांभोवती फिरलो. लिहायला सोपं आहे. तिथे चौथं चाक येईपर्यंत मास्तर बॉनेटला टेकला होता आणि डॉक्टर स्वतःची नाडी पाहत होता. टायर शाबूत. मग डिकी उघडली. शेठच्या घरून आलेला पोह्यांचा चिवडा, दुकानातल्या सीलिंग मशीनने हवाबंद केलेल्या पिशव्यांत. बाहेरचा दाब कमी होत गेला तसतशा पिशव्या फुगत गेल्या आणि सगळ्यात मोठीने जीव सोडला. सामानावर चिवडा, माझ्या मफलरवर चिवडा, डॉक्टरच्या औषधांच्या पेटीत शेंगदाणे. वाचलेल्या तीन पिशव्यांना शेठने तिथेच टाचणी टोचली आणि प्रत्येकीने सुस्कारा सोडला. आम्हीही.

सरचूच्या तंबूत रात्री झोप आली नाही. डोळा लागायचा, लगेच श्वास अडकून जाग यायची, चार मोठे श्वास, पुन्हा तेच. कवटी डोक्याला लहान पडत होती. बाहेर वारा तंबूचे खुंट उपटायला बघत होता आणि आत मास्तर म्हणत होता की एवढं आकाश त्याने जन्मात पाहिलं नाही, बाहेर येऊन बघ. मी म्हणालो, उद्या बघतो. मी हिशोब करत होतो. माणशी चारशे वाचले, नऊ तास जागरण, म्हणजे तासाला चव्वेचाळीस रुपये चव्वेचाळीस पैसे. हे गणित मला पैशापर्यंत जमत होतं, याची नोंद वाचकांनी कृपया घ्यावी.

दुसऱ्या दिवशी गाटा लूप्स, एकवीस वळणं. एका वळणावर दगडांच्या छोट्या देवळीभोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बंद पडलेल्या ट्रकबरोबर मागे राहिलेला एक क्लीनर तिथे थंडीने आणि तहानेने गेला, अशी गोष्ट सांगतात. म्हणून येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाणी आणि सिगरेट ठेवतात. मी उतरलो, सीलबंद बाटली ठेवली, नमस्कार केला आणि परत येऊन बसलो.

"भरलेली ठेवलीस?" शेठने विचारलं.

"त्याला तहान लागली असेल."

मागच्या सीटवर काही कुजबुज झाली. मला ती नंतर कळली.

लाचुंग ला ही खिंड ओलांडून पांगला उतरलो. तंबूंचे ढाबे, त्यातल्या एकात मॅगी, चहा. बिल तीनशे वीस. मी पाचशेची नोट दिली आणि ढाब्याच्या ताईंना म्हणालो, "छुट्टा रहने दो, दीदी."

डॉक्टरच्या हातातला कप खाली पडला. शेठने माझा एक दंड धरला, मास्तरने दुसरा. "याला लागली उंची," डॉक्टर ओरडला. "ऑक्सिजन आणा!" मी सांगत होतो की मला काही झालेलं नाही, उलट फार बरं वाटतंय, माणसाने पैशाला एवढं चिकटून राहू नये. त्यावर त्यांनी मला उचललंच.

पांगला लष्कराचा तळ आहे. तिथल्या औषधोपचार कक्षातला जवान निघाला साताऱ्याकडचा. बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला, तो सत्तरीच्या घरात होता. "काका, रातीला कुठं मुक्काम केला?"

"सरचू," तिघे एका सुरात म्हणाले.

"जिस्पाला का न्हाय केला?"

यावर तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्क लावलेला असल्यामुळे उत्तर देऊ शकत नव्हतो. डॉक्टरने तेवढ्यात मला समजावलं: हवेत ऑक्सिजन खालीवर सगळीकडे एकवीस टक्केच असतो, पण इथे हवेचा दाबच समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आत. "तुझ्या भाषेत, शिल्लक तेवढीच, पण काढायची मर्यादा कमी." त्याने आयुष्यात माझ्यावर केलेला हा पहिला उपयोगी उपचार.

अशा वेळी खाली उतरणं हेच औषध. पांगची अडचण अशी की मागे जा किंवा पुढे, आधी वरच चढावं लागतं. मागे लाचुंग ला, पुढे तंगलंग ला. जवानाने तासभर ऑक्सिजन दिला, चिमटा पुन्हा लावून पाहिला आणि बजावलं, कुठेही न थांबता थेट उपशी गाठा. तंगलंग ला ५३२८ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई आणि तिच्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी तो चारशे मीटरनी वर उरतो, असं मास्तर म्हणाला. मी तो पाहिलेला नाही. मोरे मैदानही पाहिलेलं नाही. चाळीसेक किलोमीटर सपाट पठार, दोन्ही बाजूंना रंगीत डोंगर, देशोदेशीची माणसं ते पाहायला येतात आणि मी सीट मागे पाडून इनोव्हाच्या छताचं कापड पाहत होतो. छताला एका जागी चिवड्यातला कढीपत्ता चिकटला होता.

"अरे गाढवा, ऊठ, गाढव!" शेठ ओरडला. मला वाटलं, सरचूचा विषय पुन्हा निघाला. तेव्हा बाहेर किआंग म्हणजे रानगाढवांचा कळप पळत होता. मी उठेपर्यंत धूळ उरली होती.

खिंड ओलांडून रुमत्से मागे पडलं, डोकं हलकं व्हायला लागलं. उपशीला सिंधू दिसली. मी विचारलं, "मघाशी पांगला चहा कोणी कोणी घेतला? ड्रायव्हरचा धरला का?"

"उतरलं," डॉक्टर म्हणाला, आणि शेठने खरोखरच देवाला हात जोडले.

लेहला पोचल्यावर वाद उरला तो त्या एकशे ऐंशी रुपयांचा. माझं म्हणणं, ते औषधोपचारात टाकावेत, माणशी पंचेचाळीस. शेठचं म्हणणं, आजार तुझा, रुपये तुझे. मास्तर तटस्थ आहे, म्हणजे देत नाही. डॉक्टरने उलट केलाँगच्या पराठ्याचे चाळीस वळते करून मागितले, कारण तो पराठा माझ्या उशाखाली चेंगरला. रक्कम अजून येणे दाखवली आहे.

तुम्ही जाणार असाल तर पहाटे निघा, नाले दुपारच्या आत ओलांडा, पिशव्या आधीच टोचून ठेवा. जमलं तर श्रीनगरकडून जा. तिकडून चढ बेताबेताने वाढत जातो आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मनालीहूनच जाणार असाल तर मुक्काम जिस्पाला करा. सरचूचा तंबू माणशी चारशे रुपयांनी स्वस्त मिळेल, मी चौकशी केलेली आहे. तरी जिस्पालाच करा.