आहेत हो, इथेच कुठेतरी!

५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पांढऱ्या भुकटीची चिमुकली कुपी बोटांत धरून दाखवली. कुपी नमुन्यादाखल होती; संहारक शस्त्रांचा खरा माल म्हणे इराकच्या सद्दामकडे. संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रतपासनीस हान्स ब्लिक्स तपासणीसाठी आणखी काही महिने मागत होते. पण वरात निघाल्यावर मुहूर्त कोण बघतो?

मार्चमध्ये इराक युद्ध सुरू झालं. शस्त्रं कुठे आहेत ते आम्हाला ठाऊक आहे, असं अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड म्हणाले. तिक्रित-बगदादच्या आसपास, शिवाय थोडी पूर्वेला, पश्चिमेला, दक्षिणेला आणि उत्तरेलाही. आमच्याकडे हरवलेली म्हैससुद्धा याहून नेमक्या पत्त्यावर शोधतात.

मग उत्तर इराकात दोन ट्रेलर सापडले. फिरती जंतू-प्रयोगशाळा! ‘शस्त्रं सापडली,’ असं अध्यक्ष बुश साहेबांनी मे महिन्यातच सांगून टाकलं. पुढे तपासणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की ट्रेलर हायड्रोजन तयार करायला होते, हवामानाच्या फुग्यांत भरण्यासाठी. फुगा फुटला म्हणावं, तर तो अजून भरलाही नव्हता.

शस्त्रांच्या शोधपथकात हजाराच्या वर माणसं. प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये पद सोडलं आणि आपण जवळजवळ सगळेच चुकलो, असं सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं. साप साप म्हणून भुई धोपटली, आणि भुई दुसऱ्याची.

त्याच वर्षी मार्चमध्ये पत्रकारांच्या मेजवानीत बुश साहेबांनी स्वतःची छायाचित्रं दाखवली: कार्यालयातल्या सामानाखाली वाकून शस्त्रं शोधताना. पत्रकार खळखळून हसले.