पावडर कोण पुसणार?

मला भयपटांची भीती वाटत नाही, हे मी इतक्या लोकांना, इतक्या ठिकाणी सांगून बसलोय की आता माघार घेणं शक्य नाही. रसास्वाद शिबिर केलेल्या माणसाला पडद्यावर भूत दिसतच नाही. त्याला लेन्स दिसते, प्रकाशयोजना दिसते, संकलकाची कात्री दिसते. लग्नाच्या पंगतीत कुणी हॉरर सिनेमाचा विषय काढलाच, तर मी हातातला घास हातात ठेवून सांगतो, "भीती ही चौकटीच्या बाहेर असते." त्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. जिलबी येत असते.

'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' लावण्याआधीही मी आमच्या हिचा वर्ग घेतला. म्हटलं, कथेकडे लक्ष देऊ नकोस, निर्मितीकडे बघ. ओरेन पेली हा पेशाने कॉम्प्युटर प्रोग्रॅमर. सिनेमाचं शिक्षण नाही, हाताशी युनिट नाही. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं स्वतः. सॅन डिएगोमधल्या स्वतःच्या राहत्या घरात सात दिवसांत शूटिंग उरकलं. संवाद लिहूनच दिले नाहीत. नटांना प्रसंग सांगायचा आणि बोला म्हणायचं. पात्रांना नावं शोधायचा त्रास नको, म्हणून केटी आणि माइका ही त्यांचीच नावं ठेवली. खर्च सुमारे 15,000 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहा-सात लाख रुपये.

"आपल्या किचनच्या ट्रॉल्यांचं कोटेशन..." ही म्हणाली.

मी हात वर करून तिला थांबवलं, कारण खरा आकडा पुढे होता. 2007 मध्ये एका महोत्सवात दाखवलेला हा सिनेमा 2009 मध्ये एका बड्या स्टुडिओने सगळीकडे लावला आणि जगभरात त्याने 19 कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

"मग ट्रॉल्या झाल्या असतील त्याच्या."

शूटिंगआधी पेलीने घराच्या भिंती रंगवून घेतल्या होत्या, गालिचा घातला होता, हेही मी उत्साहाच्या भरात सांगितलं. त्यावर ती भिंतीकडे बघून म्हणाली, "भुतासाठी का होईना, काढला ना रंग."

गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे, ती सांगत बसत नाही. केटीला लहानपणापासून काहीतरी छळतंय. तिच्या मित्राला, म्हणजे माइकाला, त्यात भीतीपेक्षा गंमत जास्त वाटते. तो कॅमेरा विकत आणतो आणि रात्री बेडरूममध्ये तिकाटण्यावर लावून ठेवतो. सगळी मेख इथे आहे. चौकटीत उजवीकडे पलंग, डावीकडे उघडं दार, दारापलीकडे काळोखा पॅसेज, खालच्या कोपऱ्यात घड्याळाचे आकडे. कॅमेरा हलत नाही. कुठे बघायचं हे सांगणारा क्लोजअप नाही, पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे बघणारा आपणहून पॅसेजमध्ये शोधाशोध करू लागतो. कोपऱ्यातले आकडे भराभर पळतात, मग अचानक नेहमीच्या चालीवर येतात. त्यासरशी पोटात गोळा येतो, कारण आकडे सावकाश झाले म्हणजे काहीतरी घडणार, हे तोवर आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. आणि घडतं काय? तर दार वीतभर हलतं. बस. एका वितीत हॉलिवूडचे सगळे रबरी राक्षस गारद.

हे सगळं मी हिला चालू सिनेमात समजावत होतो. "आता ऐक, खालून घूंऽऽ असा बारीक आवाज येईल. ती लो फ्रिक्वेन्सी आहे. कानाला कळत नाही, छातीला कळते. मुद्दाम..." एवढ्यात जिन्यावर धाडकन काहीतरी आपटलं आणि माझ्या हातातला शेंगदाण्यांचा वाडगा सोफ्याच्या मागे गेला. ध्वनिसंयोजन उत्तम आहे, एवढंच मी म्हणालो.

तोच माइकाने बेडरूमच्या जमिनीवर टाल्कम पावडर पसरायला घेतली. भूत चाललं तर पाय उमटतील, हा बेत. चांगला डबाभर भुगा. हिने रिमोट उचलून सिनेमाच थांबवला.

"ही पुसणार कोण?"

मी म्हटलं, अगं, विज्ञान चाललंय तिथे. ती म्हणाली, विज्ञान झाल्यावर पुसणार कोण? ओल्या फडक्याने पावडरीचा चिखल होतो, कोरड्याने ती घरभर उडते आणि दोन दिवस पाय घसरतात. तू (मला 'तू' ती क्वचितच म्हणते) कॅरमवर बोरिक पावडर सांडायचास तेव्हा माहीत आहे ना काय व्हायचं? मग तिने अहोजाहो परत सुरू केलं आणि सिनेमाही.

पावडरीत पाय उमटतात. तीन बोटांचे. इथे परदेशी समीक्षकांना घाम फुटला असेल. मला मात्र आरवली आठवली.

वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे या विषयावर मला अडवणं कठीण आहे, हे आधीच सांगून ठेवतो. वेतोबा म्हणजे भूत नव्हे. भुताखेतांवर हुकूम चालवणारा, गावाची राखण करणारा देव. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा वाहतात. भल्याथोरल्या वहाणा. रात्री तो गावाच्या सीमेवरून फेरी मारतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. आता बघा: माइकाला त्याच्या भुताचे पाय बघण्यासाठी पावडर, कॅमेरा, लॅपटॉप एवढा खटाटोप करावा लागला. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या तळवा झिजलेली वहाण हाच पुरावा, आणि त्यावर तोडगा एकच, नवा जोड वाहायचा. पुसापुशी नाही. हिलासुद्धा ही व्यवस्था पटली.

आजीला मी लहानपणी विचारलं होतं, रात्री वाटेत तो भेटला तर? ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तो आपल्या वाटेन जाता, तू आपल्या वाटेन जा." त्या सुपात खडे किती निघाले आणि तांदूळ किती, हे ती जास्त गांभीर्याने बघत होती. एवढं सरळ उत्तर मला नंतर कुठल्याच शिबिरात मिळालं नाही.

आणि आजीने सांगितलेली कोकणातली भुतं! त्यांना पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानातल्या वाटेवर. प्रत्येकाची तक्रार काय, मागणी काय, हे गावाला ठाऊक. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मेला तो मुंजा. इस्टेटीत जीव अडकला तो समंध. बुडून मेला तो गिऱ्हा. चकवा तर निव्वळ वाट चुकवतो, रात्रभर त्याच त्या शेताभोवती फिरवतो आणि उजाडलं की सोडून देतो. याहून निरुपद्रवी उद्योग मी आमच्या सोसायटीच्या कमिटीतही पाहिलेला नाही. गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, जमल्यास कोंबडा, वर्षभर शांतता. पेलीच्या भुताचं काय? त्याला पत्ता नाही, मागणी नाही. घर बदललं तरी ते केटीच्या मागोमाग येतं. केटीने बोलावलेला जाणकारही येऊन एक चक्कर मारतो आणि सांगतो की मी भुतांचं बघतो, हे भूत नाही, सैतानी प्रकरण आहे, त्याचे डॉक्टर वेगळे. टेबल दुसरं, खिडकी दुसरी. ते दुसरे डॉक्टर ऐन गरजेला भेटत नाहीत, हे सांगायला नकोच. पुन्हा बोलावल्यावर हा गृहस्थ उंबरठ्यापासूनच काढता पाय घेतो. आमचा भगत निदान कोंबडा तरी घेऊन गेला असता.

एक गोष्ट मात्र आजीच्या त्या यादीत मला तेव्हा दिसली नव्हती. अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली. हडळही बहुतेक तशीच कुणी. विहिरीवरची जी असते ती सासरच्या जाचाने विहीर जवळ केलेली. पुरुष भुतांची दुखणी मुंज, इस्टेट, अपघात अशी मिश्र. बायकांची सगळी एकाच घरातली. त्या जिवंतपणी काय म्हणत होत्या ते कुणी ऐकलं नाही. मेल्यावर मात्र अख्खं गाव कान टवकारून बसलं, संध्याकाळी त्या वाटेने जायचं बंद झालं, दरसाल खणा-नारळाने ओटी भरू लागलं. बोलण्याला किंमत यावी म्हणून त्यांना उलटे पाय लावून घ्यावे लागले. असो. विनोदी लेखात हे बसत नाही, पण बसत नाही म्हणून काढूनही टाकवत नाही.

कारण केटीही पहिल्या रात्रीपासून तेच सांगते. चिडवू नकोस त्याला. कॅमेरा बंद कर. बोर्ड आणू नकोस. तो प्लँचेटचा बोर्ड विकत आणणार नाही, असं माइकाने तिला वचन दिलेलं असतं. आणि तो आणतोच. जाब विचारल्यावर काय म्हणतो? विकत कुठे आणलाय, उसना आणलाय!

"तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे बघितलं. रामसे बंधूंच्या कुठल्याही सिनेमात मी तसं बघणं पाहिलेलं नाही. (त्या बंधूंनी 1972 मध्ये 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं खटलं महाबळेश्वरला नेलं होतं. घर हेच युनिट. कमी पैशांत भूत काढायची विद्या आपल्याकडे पेलीच्या आधीपासून होती. हेही मी तेव्हा सांगणार होतो, पण वेळ बरी नव्हती.)

त्या माइकाचा मला मनापासून संताप आला. काय माणूस आहे! शेजारी बाई थरथरतेय आणि हा तिला आवाजाच्या लहरींचा आलेख दाखवतोय. माझ्या घरात माझ्या मर्जीशिवाय कुणी येऊ शकत नाही, ही त्याची गुर्मी. मी बघून घेतो, हे पालुपद. आणि हाती काय, तर एक कॅमेरा. मी हिला सविस्तर समजावून सांगितलं की अशा पुरुषांचा मूळ दोष म्हणजे समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायच्या आत ते स्पष्टीकरण द्यायला लागतात. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण माझा मुद्दा अर्धा राहिला असता.

मग तो प्रसंग आला. माइका गाढ झोपलेला. केटी उठते, पलंगाच्या कडेला उभी राहते आणि त्याच्याकडे बघत राहते. कोपऱ्यातले आकडे धावू लागतात. तास, दीड तास, दोन तास. ती तशीच उभी, नुसती डुलते आहे. याला एक पै खर्च आला नसेल. भूत नाही, रक्त नाही, यंत्र नाही. एक बाई, तिचा झोपलेला माणूस आणि पळतं घड्याळ. मी आजवर पाहिलेल्या भयपटांत यापेक्षा भीतिदायक काही नाही, असं माझं जबाबदारीने दिलेलं मत आहे. हिला मात्र त्यात काहीच विशेष वाटलं नाही. शेंगदाणे वेचत म्हणाली, "झोप येत नसेल."

शेवट सांगत नाही. स्पीलबर्गच्या सूचनेवरून तो बदलला, असं म्हणतात. स्पीलबर्गने घरी डीव्हीडी बघितली आणि नंतर त्याच्या बेडरूमचं दार आतून आपोआप बंद झालं, शेवटी कुलूपवाला बोलवावा लागला, अशीही एक कथा सांगितली जाते. जाहिरातीसाठी रचलेली असणार, हे मी लगेच ओळखलं. त्या रात्री आमच्या बेडरूमच्या दाराला मी जे पायपुसणं अडकवलं, ते निव्वळ वाऱ्यासाठी होतं.

रात्री स्वयंपाकघरातून आवाज आला. चर्र... थांबून पुन्हा चर्र. ही म्हणाली, "आला बघा. मी कधीपासून सांगतेय." मी पांघरुणातूनच सांगितलं की दिवसा तापलेल्या वस्तू रात्री आकसतात, त्याला औष्णिक आकुंचन म्हणतात, घाबरण्याचं कारण नाही. ती उठून गेली आणि फ्रिजचं बटण बंद करून आली. सकाळी परस्पर वायरमनला फोनही केला.

वायरमन पोरगेलासा होता. फ्रिजमागचा पॉवर पॉइंट उघडून त्याने मला दाखवला. आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, वायरीच्या टोकाला काळी काजळी. "न्यूट्रल ढिला झालाय काका. स्पार्क होत होता. अजून थोडे दिवस गेले असते ना, तर बोर्ड पेटला असता." मग त्याने विचारलं, "किती दिवसांपासून येतोय आवाज?"

मी तोंड उघडलं.

"ह्यांना नका विचारू," ही आतून म्हणाली, "हे झोपलेले असतात. मी रात्री इथे दोन-दोन तास उभी राहून ऐकलाय."

वायरमनने मान डोलावली आणि पुढचे सगळे प्रश्न तिलाच विचारले. कुठल्या बाजूने यायचा, पाऊस असताना जास्त यायचा का, वास यायचा का. तिने एकेकाचं नेमकं उत्तर दिलं. मी स्टूल धरून उभा होतो. तो गेल्यावर न्यूट्रल म्हणजे नेमकं काय, तो ढिला कसा होतो आणि त्यात घाबरण्याचं कसं कारण असतं, हे मी तिला अगदी मुळापासून समजावून सांगितलं.